अकरा नंबरची पेटी

नांदे,
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय स्वरदाताई,
सप्रेम नमस्कार.

आम्ही सगळे मजेत. तुम्हाला तिकडे परदेशातली थंडी सोसते ना? आपल्या वर्कशॉपचे शैलेश सर परवा तुमच्याकडे यायला निघतायत. त्यांच्या बॅगेत ही चिठ्ठी आणि सासूबाईंनी कुटलेली शेंगदाण्याची चटणी देते आहे. चटणी वाटेतच संपली तर मला कळवा, मी त्यांच्याकडे बघते.

इकडे बरंच बदललं. आपल्या वर्कशॉपच्या शेडमागे हरभऱ्याचं रान होतं, तिथं आता बारा मजली इमारत चाललीय. मामंजी रोज सकाळी चहाचा कप घेऊन मजले मोजतात आणि कालच्यापेक्षा वाढला नाही की खूश होतात. माझी जुईली इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गेली. घरी कुणी पाहुणा आला की सासूबाईंचं पहिलं वाक्य अजूनही तेच: "आमची सून काचंच्या पेट्या करती. त्यात वायू भरायचा, वीज सोडायची, अन् जगात समद्यात बारीक जे काय आसंल ते त्यातनं गेलं की ठिणगी पडती. एवढ्या बारक्याला पेटी मातुर दाराएवढी लागती!" तुम्ही चार वर्षं आमच्या भाड्याच्या खोलीत राहून त्यांना जे समजावलंत ते त्यांनी एवढं लक्षात ठेवलंय.

मागच्या सोमवारी शैलेश सरांनी पेढे वाटले. आपल्या पेट्या तिकडे डोंगराखाली बसवल्याला दोन वर्षं झाली, सगळी नोंद उघडून बघितली, आणि तुम्ही जो नवा कण शोधत होता तो काही सापडला नाही, असं म्हणाले. मी विचारलं, "मग पेढे कशाचे?" तर म्हणे, "तो कुठे नाही ते तरी पक्कं कळलं, रजनीताई. तेवढी जागा शोधून झाली." सासूबाईंना हे लगेच पटलं. म्हणाल्या, "व्हय की. आपलं दोन बोर कोरडं गेलं, तवाच कळलं ना पानी वढ्याच्या अंगाला हाय म्हून." सगळ्यांनी दोन-दोन पेढे खाल्ले. मी माझे तसेच कागदात गुंडाळून ठेवले.

आता खरं लिहिते. फोन करायचं दहादा ठरवलं, पण केला असता तरी जुईलीच्या अभ्यासावर बोलून विषय बदलला असता, म्हणून कागद घेतला.

अकरा नंबरची पेटी आठवते? अडीच वर्षांपूर्वी जूनमध्ये पाठवलेल्या खेपेतली शेवटची. तुम्ही माल उतरवून घ्यायला आधीच तिकडे गेला होता. गळती तपासायची होती. पेटीत वायू भरायचा, रबरी नळीनं ती पाण्याच्या काचेच्या नळीला जोडायची, रबरावरचा चिमटा उघडायचा आणि दर दहा मिनिटांनी पाण्याची उंची लिहायची. तीन तास. तुम्हीच शिकवलंत, आणि उठायचं नाही असा दमही दिला होतात.

मी उठले नाही, ताई. देवाशपथ. पण त्या दिवशी दुपारी एकला जुईलीचा दहावीचा निकाल लागणार होता आणि मी बरोबर एकलाच नळी जोडली. एक डोळा मोबाईलवर, एक पाण्यावर. पाणी बत्तिसावर. दहा मिनिटांनी बत्तीस. पुन्हा बत्तीस. पोरीला एक्क्याऐंशी टक्के पडले, इकडे पाणी ढिम्म हलेना, मला वाटलं आपल्या हातची पेटी काय गुणाची निघाली! चारला नळी काढायला गेले तर चिमटा बंदच. म्हणजे तीन तास मी पेटीची नाही, नुसत्या रबरी नळीची तपासणी करत होते.

दाराशी ट्रक उभा. दयानंद ड्रायव्हर ओरडतोय, "ताई, झालं का न्हाई? ही बोट चुकली तर पुढली महिन्यानं हाय." पुन्हा तपासायचं तर आणखी तीन तास. मी कागदावर "गळती नाही" असं लिहिलं आणि सही ठोकली.

हसू नका, पण मला वाटतं तुमचा तो कण आला होता. माझ्याच पेटीतून गेला, आतला वायू गळून गेलेला, ठिणगी पडली नाही, आणि तुम्ही दोनशे माणसं दोन वर्षं वाट बघत बसलात. सर म्हणतात तो कुठे नाही ते कळलं. मी म्हणते, तिथं तो असला आणि मीच दिसू दिला नसला तर?

आणि त्या जूननंतर तुमचा फोनही थांबला. मी म्हणायची, कामात असतील. पण खाई त्याला खवखवे. वाटत राहायचं, ताईंना कळलंय.

काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन. लिहून काढल्यावर जरा बरं वाटतंय, एवढं मात्र खरं.

आपली
रजनी


२८ नोव्हेंबर २०२५

प्रिय रजनी,

सगळ्यात आधी हे वाच आणि मग बाकीचं: अकरा नंबरची पेटी डोंगराखाली बसवलेलीच नाही. कधीच नव्हती. बोटीच्या प्रवासात हादरे बसतात म्हणून इथे आलेली प्रत्येक पेटी आम्ही पुन्हा तपासतो. तुझी इथे पोचल्यावर आठव्या दिवशी तपासली. एका कोपऱ्यातून गळत होती. तो सांधा भरला आणि तिला राखीव ठेवली, ती अजून भिंतीशी उभी आहे. तुझ्या पेटीतून कुठलाही कण निसटला नाही. नाही सापडला, कारण जिथे शोधला तिथे तो नव्हता. सासूबाईंचा कोरडा बोर मी इथे सगळ्यांना सांगितला, फार आवडला.

आता माझं. तुला वाटत होतं ते बरोबर आहे, मला कळलं होतं. पेटीबरोबर तुझ्या कागदाची प्रत आली. अठरा ओळी, अठरा वेळा बत्तीस. रजनी, पत्र्याची शेड, जूनची दुपार, आणि पाणी तसूभर हलत नाही? चांगली पेटीसुद्धा उकाड्यानं फुगते, पाणी वर चढतं, ऊन उतरलं की खाली येतं. मला वाटलं, ही बाई बसलीच नाही. चहा प्यायला गेली आणि शेवटी एकदम आकडे भरले. चिमट्याचा विचार माझ्या डोक्यातही आला नाही.

मी कुणाला सांगितलं नाही. तुझी नोकरी जाईल म्हणून इथल्या नोंदवहीत लिहिलं, "प्रवासात सांधा सुटला." शैलेशलाही तेच लिहून कळवलं. मोठे उपकार केल्यासारखं वाटलं मला. आणि मग तुझ्याशी बोलणं सोडलं. गेल्या दिवाळीत मी पुण्यात पंधरा दिवस होते. हिंजवडीपर्यंत येऊन परत फिरले, नांद्याला आले नाही.

तू तीन तास जागेवर बसून खरे आकडे लिहीत होतीस, आणि मी अडीच वर्षं तुला खोटारडी समजत होते. एक फोन करून विचारलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. सही चुकीची केलीस, ते चूकच. पण माझं जास्त चुकलं. मला माफ कर.

चटणी पोचली. अर्धीच.

तुझी
स्वरदा


नांदे,
७ डिसेंबर २०२५

प्रिय स्वरदाताई,

सरांनी परत येताना आणलेलं पत्र शेडच्या दारातच उघडलं आणि पहिल्या ओळीला खाली बसले. जीव भांड्यात पडला म्हणतात तो कसा पडतो ते कळलं. मी रडतेय बघून सासूबाई धावत आल्या, "कोन गेलं गं?" म्हटलं, कुणी नाही गेलं, पेटी जाग्यावर आहे. त्यांना वाटलं मला ताप चढला.

मग दुसरं पान वाचलं आणि तुमचा राग आला. चांगला सणसणीत आला, लपवत नाही. हिंजवडीपर्यंत आलात आणि परत फिरलात? आमच्या घरात चार वर्षं भाकरी खाल्लीत, मला एवढंच ओळखलंत? संध्याकाळपर्यंत भांडी आपटली. मग मामंजी म्हणाले, "तूबी इचारलं न्हाईस की तिला. तोंड काय तिलाच हाय व्हय?" तेव्हा भांडी ठेवली.

दुसऱ्या दिवशी जाऊन शैलेश सरांना सगळं सांगितलं. त्यांनी माझा जुना कागद कपाटातल्या फाईलमधून काढला आणि म्हणाले, खोडायचं नाही, फाडायचं नाही. एक आडवी रेघ मारायची, खालचं दिसलं पाहिजे, शेजारी खरं काय ते लिहायचं, सही, तारीख. मी लिहिलं, "चिमटा बंद होता. ही तपासणी धरू नये." नोकरी गेली नाही. नव्या मुलींना चिमटा मीच शिकवायचा, एवढी शिक्षा मिळाली. त्या रात्री मी इतकी गाढ झोपले की सकाळी पाणी यायची वेळ टळून गेली.

त्याच फाईलमध्ये खाली तुम्ही सरांना पाठवलेला कागद आहे. "प्रवासात सांधा सुटला." सर म्हणाले, ही ओळ पण चुकीची आहे, पण जिनं लिहिली तिनंच रेघ मारायची असते, दुसऱ्याला अधिकार नाही. मी शेजारी जागा मोकळी ठेवलीय. पोस्टानं चालणार नाही, मी विचारलं. यावं लागेल.

तुमच्या सहीसाठी थांबलेली,
रजनी