दारावरचं अक्षर

२ जानेवारी २०२३, सकाळी ६
या इमारतीत मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू, क्रमाने: बॉयलरच्या प्रेशरच्या काट्यावरचं पितळी झाकण, कुलपासकट. सोळा मजल्यांच्या किल्ल्यांचा फळा. लॉबीतला अक्रोडाचा बाक, एकही खिळा नाही. सामानाच्या लिफ्टचं दार. पाइपला लावून आतली वाफ ऐकायची नळी. यातलं काहीही मला कोणी शिकवलेलं नाही.

आजपासून सहावी वस्तू: दारावरच्या अक्षरासाठी चौकट. शहराचा नियम आहे. मोठ्या इमारतीने वर्षभर गॅस आणि वीज किती जाळली ते कळवायचं. शहर त्यावरून ए, बी, सी किंवा डी असं अक्षर देतं. ते दाराला लावायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. आमचं सध्या सी.

काल मालकीणबाई, मिसेस अगोस्टिनेली, शांतपणे म्हणाल्या, झेनॉन, या दाराचा संगमरवर माझ्या सासऱ्यांनी इटलीहून आणलाय, त्यावर डी लागला तर तळघराची किल्ली आणि तुझं बॉयलरचं काम मी बाहेरच्या कंपनीला देईन. तू चांगला माणूस आहेस म्हणून आधी सांगतेय.

मी हसलो. घाबरण्यासारखं काही नाही. झोप लागली नाही ती कोबीमुळे.

संकल्प: बी.

९ जानेवारी
बाहेरच्या कंपनीची इंजिनिअर येऊन गेली. ओडेट लाफ्लूर, वय तिशीचं, हातमोजे स्वच्छ (यावरून काय ते समजावं). काट्यावरचं झाकण उघडा म्हणाली. मी सांगितलं, कुलूप माझं, किल्ली माझी. आठ पौंड प्रेशर मी सव्वीस वर्षांपूर्वी कानाने ऐकून ठरवलंय. खोल्या गरम करायला सोळा मजले चढायचे म्हणजे वाफेला जोर लागतो. यावर ती म्हणाली, मिस्टर झी, वाफ काही जिन्याने जात नाही.

जाताना एक बंद पाकीट दिलं. छोटंसं काम सुचवलंय, वाचा तरी, म्हणाली. हात न भाजलेल्या माणसाचं एस्टिमेट मी वाचत नाही. चाळीस हजार डॉलरच्या आत नसणार. नको म्हणून कळवून टाकलं. पाकीट मात्र कडक, उत्तम कागदाचं. ठेवून दिलं.

१७ जानेवारी
चोर सापडला. बाहेर बर्फ. मी रस्त्यापलीकडे उभा राहून मोजलं: समोरच्या एकशे बारा खिडक्यांपैकी एकोणसाठ उघड्या. माझी वाफ सरळ अडतिसाव्या रस्त्यावर.

नवव्या मजल्यावर टोप्या शिवणारा ल्यूबिन बनियनवर बसलेला. वर मलाच ऐकवतो की झेनॉन, खोली तापवणाऱ्या तुझ्या रेडिएटरवर मी अंडी तळतो, फक्त बायकोला बोलू नकोस, तिच्या हिशेबाने मी डाएटवर आहे.

लोकांना शिस्त नाही. उपाय सुचला आहे.

५ फेब्रुवारी
एकशे बारा खिडक्या, प्रत्येकी दोन पितळी कड्या, एकूण दोनशे चोवीस. सगळ्या मी घडवल्या. उघडायला खास चावी लागते. ती एकच, माझ्या गळ्यात. मागे पुढे झालं तर अर्धा मिलिमीटर.

पुन्हा रस्त्यापलीकडून मोजलं. उघड्या खिडक्या: शून्य. बी कशाला, ए येईल.

चौकटीला पाठीमागे कडक काहीतरी हवं होतं. ओडेटचं पाकीट नेमकं मापाचं निघालं. तशी पोरगी अगदीच निरुपयोगी नाही.

२१ फेब्रुवारी
ल्यूबिन खाली आला. टोप्यांचा गोंद वितळतोय म्हणे, किनारी गळून पडतात. मी विचारलं, गोंद कुठल्या कंपनीचा. तो म्हणाला, गेल्या आठवड्यापर्यंत उत्तम कंपनीचा होता.

दुपारी विजेच्या मीटरपाशी गेलो. आकडे पळत होते. फेब्रुवारीत असे पळत नाहीत. एकेक मजला चढत गेलो. सहाव्यावर एसी. सातव्यावर एसी. नवव्यावर दोन, आणि ल्यूबिन त्यांच्या मधोमध शर्ट घालून, प्रसन्न.

काही बिघडत नाही. एसी त्यांचे, वीज त्यांची. माझ्या नावावर कशी लागेल?

२२ फेब्रुवारी
ओडेटला फोन केला, सहज, हवापाण्याबद्दल बोलायला. बोलता बोलता विचारलं, भाडेकरूंची वीज वेगळी धरतात ना. ती म्हणाली, नाही हो मिस्टर झी, आख्खी इमारत मोजतात, छतापासून तळघरापर्यंत.

फोन उलटा ठेवला. बहुधा कॉफी.

२३ फेब्रुवारी
कड्या काढाव्यात का? विचार केला. दोनशे चोवीस. काढल्या तर चुकलो असं दिसेल. आणि मी चुकलेलो नाही.

१४ डिसेंबर
पुन्हा थंडी, पुन्हा एसी. सतरा मोजले, मग मोजणं सोडलं.

हल्ली मी मागच्या दाराने येतो. पुढच्या दाराची भीती म्हणून नव्हे. मागचं जवळ पडतं. (आगगाडीच्या स्टेशनपासून चारशे पावलं जास्त, पण चालणं चांगलं.)

बायको हलिना सुपासाठी कांदा चिरत होती. अर्धा कांदा पाटावर पालथा. डी. मी बाजूला बघितलं तर दाराची मूठ, डी. ती म्हणाली, झेनेक, कांदा मी चिरतेय आणि डोळे तुझे का भरलेत?

३१ डिसेंबर
वर्ष संपलं. गॅस जरासा कमी. विजेचा आकडा लिहीत नाही, आज रविवार.

१ मे २०२४
आकडे शहराला कळवायचा शेवटचा दिवस. एका बोटाने सगळे भरले, तीनदा तपासले. शेवटचं बटण दाबवेना. हलिना मागे उभी. म्हणाली, दाब आता, तुझं बोट अडलंय म्हणून शहर थांबत नाही.

मग तिनेच दाबलं. म्हणजे काही झालं तर बोट तिचं.

२८ ऑक्टोबर, सकाळी
पत्र आलं. बाकावर बसलो. बाक उत्तम आहे, जराही हलत नाही. पत्र उघडलं.

डी.

२८ ऑक्टोबर, दुपारी
मिसेस अगोस्टिनेली आल्या. दारावरचं डी बघितलं. म्हणाल्या, चौकट मात्र सुरेख झालीये, झेनॉन. मग हात पुढे केला. मी तळघराची किल्ली दिली. झाकणाची मागितली, तीही दिली. गळ्यातली मागितली नाही, पण काढून दिली.

अक्षर बसवायला चौकटीची पाठ उघडली होती, तेव्हा पाकीट बाहेर निघालं. इतके दिवस तसंच बंद. आता वाचायला हरकत नव्हती.

मी नाकारलेला प्रस्ताव: बॉयलरचं प्रेशर आठ पौंडांवरून दोनवर आणणे, म्हणजे कोणाला खिडकी उघडावी लागणार नाही. स्क्रू एक. वेळ दहा मिनिटं. रक्कम: शून्य डॉलर.