बुंध्याचं वजन

रिउसेक, २२ जानेवारी

ती. मेदीरकाकांस,
जोफ्रेचा, वाकता येईल तितकं वाकून, सा. न. वि. वि.

तुमचं नाताळचं पत्र पोचलं. फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनानेच रचता, असं तुमची लेक आग्नेसताई म्हणते, म्हणून लिहूनच कळवतो. घरी नेउस आणि ब्रुना, मायलेकी दोघी ठणठणीत आहेत. लेकीचा पुढचा दात पडलाय आणि त्या फटीतून शिट्टी वाजवून ती शेजाऱ्यांचा कुत्रा पळवते.

गेल्या रविवारी पथकाची कांदे भाजायची मेजवानी झाली. मी खुर्चीत बसलो आणि खुर्ची जमिनीवर बसली. सगळे हसले, मीही हसलो, नेउस मात्र हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला तारागोनाच्या डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन उभं केलं. साखर वाढलीय, गुडघे गेलेत, आणि रात्री श्वास अडकतो म्हणून तोंडावर यंत्र लावून झोपावं लागतं. ब्रुना मैत्रिणींना सांगते की आमचे बाबा पाणबुडे आहेत. बाई म्हणाल्या की पथ्य तीनदा करून झालं, तीनदा वजन परत आलं, आता ऑपरेशनचा विचार करा. जठराचा मोठा भाग कापून काढतात, उरते ती केळ्याएवढी पिशवी. कापलेलं परत जोडता येत नाही. ईस्टरनंतर जागा आहे, मार्चअखेर हो की नाही सांगायचं.

काका, सुरीची भीती वाटत नाही. पण तुम्हाला ठाऊक आहे, या गावात मी कोण आहे. आपलं पथक माणसांवर माणसं चढवून मनोरा रचतं, त्यात चार खांब, चारांतल्या एका खांबाच्या बुंध्याला मी. दुकानात गेलो तर लोक माझ्या खांद्यावर थाप मारतात, बैल बघितल्यासारखी. आणि यंदा जूनच्या जत्रेत आठ थर लागतील तेव्हा सगळ्यात वर ब्रुना चढणार आहे, चौकात पहिल्यांदाच. ऑपरेशन केलं तर शरद ऋतूपर्यंत ओझं उचलायला बंदी. माझी पोर वर, आणि तिच्या खाली दुसराच कोणीतरी. हे काही मला गिळवत नाही, आणि माझ्या घशाखाली काय काय जातं ते तुम्ही पाहिलंय.

नेउस धुतलेले कपडे कपाटात जोरात ठेवते. तुम्ही सांगाल ते ऐकेन.

कळावे. लोभ माझ्यासारखाच वाढता असावा.

तुमचा,
जोफ्रे


सिउतादेया, मेनोर्का, ३ फेब्रुवारी

चि. जोफ्रेस,
मेदीरकाकाचे, बेटावरच्या वाऱ्याने थोडे विस्कटलेले, अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा चष्म्याने आणि एकदा डोळे मिटून. डोळे मिटले की मला आपला चौक दिसतो. चर्चची सावली अर्ध्यात आलेली, सनईवाले ओठ ओले करताहेत, आणि तुझे वडील, आमचा क्लिमेंत, दारात उभे. मी त्याच्या लांबलचक काळ्या कापडी पट्ट्याचं टोक ताणून धरायचो आणि तो स्वतःभोवती गिरक्या घेत तो कमरेला गुंडाळून घ्यायचा. केवढी ती कंबर. गिरक्या घेता घेता मला वाटायचं, हा संपणारच नाही.

आमच्या लहानपणी, हुकूमशाहीत, आपल्या भाषेतल्या कविता शाळेत शिकवायला मनाई होती. मास्तर खिडक्या लावून घ्यायचे आणि आवाज बारीक करून शिकवायचे, त्यामुळे मला अजूनही कविता म्हटली की बंद खोलीचा वास येतो. एक ओकच्या झाडाची होती. त्यातलं झाड सांगतं की माझ्या अंगावर कोण राहतं ते मला दिसत नाही, पण प्रत्येकाचं ओझं मला ओळखू येतं. ती म्हणताना मला क्लिमेंतच आठवायचा. आता तू.

तेव्हा माझं मत विचारतोस तर, नको. देवाने दिलेलं पोट कापून केळं कसलं करतोस? थोडं कमी खा, नदीकाठाने चाल, पावाला टोमॅटो चोळताना तेलाची बाटली नेउसच्या हातात दे. इथला आमचा शेजारी असाच बारीक होऊन आला. पूर्वी तो हसला की भिंतीवरची पाल पळायची, आता हसतो की खोकतो तेच कळत नाही.

तुला बळ यावं म्हणून पथकालाही दोन ओळी लिहून टाकल्या आहेत. पत्र आजच पोस्टात पडलं.

ब्रुनाला पापा. आमच्यावर रुसायचं असेल तर खुशाल रूस, पण लोभात काटकसर नको.

तुझा,
मेदीरकाका


रिउसेक, १७ फेब्रुवारी

ती. मेदीरकाकांस,
सा. न. वि. वि., आणि सोबत एक तक्रार.

काका, पथकाच्या नावावर आलेलं पत्र सरावाआधी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं, हा नियम कोणी केला? तुम्ही चिटणीस असताना तुम्हीच केलात. आणि विसरलातही तुम्हीच. शुक्रवारी आमच्या प्रमुख रेमेईबाईंनी पाकीट फोडलं आणि मुलाबाळांसकट अख्ख्या पथकापुढे वाचायला सुरुवात केली. मी तेव्हा पट्टा गुंडाळून घेत होतो, अर्ध्या गिरकीत थांबलो. जोफ्रेचं पोट ही एकट्या जोफ्रेची नव्हे, रिउसेकची सार्वजनिक मालमत्ता आहे, या वाक्याला टाळ्या पडल्या.

मग प्रत्येकाला मत फुटलं. बेकरीवाला म्हणाला की त्याचं गिऱ्हाईक कापू नका. सनईवाला म्हणाला की आपली मावसबहीण ऑपरेशनानंतर घटस्फोट घेऊन नाचायला शिकली, तेव्हा नेउसने विचार करावा. दोन म्हाताऱ्या माझ्या दंडाला हात लावून बघून गेल्या. मी नुसता घाम पुसत होतो.

शेवटी बाल्दीरी बोलला. आमचा दातांचा डॉक्टर, माझा पाठराखा. मनोरा उभा राहतो तेव्हा तो माझ्या पाठीला छाती लावून उभा असतो, मला मागून सावरून, त्याचा कान माझ्या मानेजवळ. तो कधी बोलत नाही, म्हणून सगळ्यांनी माना वळवल्या. म्हणाला की गेले दोन हंगाम मी ऐकतोय. वर सातवा थर चढला की याचा श्वास अडकतो, मग सुटतो, मग अडकतो. लोकांना वाटतं मनोरा थरथरतोय. मनोरा नाही थरथरत, हा थरथरतो. यंदा वर याची मुलगी असेल, म्हणून आज सांगितलं.

एवढं बोलून तो आपला पट्टा शोधायला गेला. ब्रुना डोक्यावर हेल्मेट घालून भिंतीशी बसली होती, माझ्याकडे बघत.

मला इतका राग आलाय की बाल्दीरीशी बोलणं बंद केलंय. इतकी वर्षं पाठीला चिकटून राहिला आणि मला एका शब्दाने बोलला नाही. आणि त्याहून राग याचा की नेउस त्या दिवसापासून कपडे हळू ठेवायला लागलीय.

काका, तुम्ही अजून नकोच म्हणता का?

लोभ असावाच, पण पुन्हा पथकाला पत्र नसावे.

तुमचा,
जोफ्रे


सिउतादेया, २८ फेब्रुवारी

चि. जोफ्रेस,
मान खाली घालून दिलेले अ. उ. आ.

आग्नेसला तुझं पत्र वाचून दाखवलं. सार्वजनिक मालमत्तेपाशी ती हसायला लागली ती अजून अधूनमधून हसते. तिने मला टपालखात्याशी संबंध ठेवायला बंदी घातली आहे. हे पत्र मी औषधं आणायला म्हणून निघून पोस्टात टाकणार आहे.

पण बाल्दीरीचं वाक्य वाचल्यावर मी समुद्राकाठी जाऊन बसलो. मला क्लिमेंत आठवत होता, पण या वेळी चौकातला नाही, मनोरा उतरल्यानंतरचा. तो चर्चच्या पायरीवर बसायचा, ओठ निळसर, आणि आम्ही त्याला टोपीने वारा घालायचो. श्रम झाले म्हणायचो. वाइनचा पेला पुढे करायचो, तो हसून घ्यायचा. श्रम नव्हते ते, जोफ्रे. तू मिसरूड फुटण्याआधीच बापाविना झालास ते काही वीज पडून नव्हे. मला त्याच्यातला ओक एवढा आवडत होता की पायरीवरचा माणूस मी आठवणीत घेतलाच नाही. कवितेतल्या झाडाला दम लागत नाही, ही तिची सोय आहे.

तेव्हा माझं नको मी परत घेतो. हो मात्र म्हणत नाही, कारण पोट तुझं आहे. रेमेईबाईंना सांग, सार्वजनिक मालमत्तेचा ठराव रद्द.

आणि बाल्दीरीवरचा राग सोड. जो माणूस पाठीला कान लावून दोन हंगाम काळजी करतो त्याला शत्रू म्हणायचं तर मित्र कोणाला म्हणशील?

लोभाची बाकी माझ्याकडेच निघते. ती सवडीने वसूल करावी.

तुझा,
मेदीरकाका


रिउसेक, २६ मार्च

ती. मेदीरकाकांस,
सा. न. वि. वि.

बाल्दीरीशी अबोला फार टिकला नाही. दाढ ठणकायला लागली आणि गावात दातांचा डॉक्टर तो एकच. त्याने मला खुर्चीत आडवं केलं, खुर्चीचं तेवढं कौतुक करायला हवं, माझ्या तोंडात दोन्ही हात घातले आणि इतक्या वर्षांचं सगळं बोलून घेतलं. मला फक्त आ करता येत होता. म्हणाला की तुला एकट्याला सांगितलं असतं तर तू खांदे उडवले असतेस, आणि तुझे खांदे उडाले की माझी हनुवटी फुटते. म्हणाला की बुंध्याला वजन लागतं हे खरं, पण त्याहून जास्त लागतो तो सारखा चालणारा श्वास. वरच्या पोरांना तोच पायांतून कळतो. मग दाढ भरून झाल्यावर विचारलं की आता बोल काय ते. मी त्याला मिठी मारली, तर म्हणाला की समोरून तू अगदीच वेगळा दिसतोस.

काका, मी हो म्हणून कळवलंय. एप्रिलमध्ये ऑपरेशन. मानसोपचाराच्या बाईंशी बोलणं झालं. त्यांनी विचारलं की वजन गेल्यावर तुम्ही कोण असाल. मी म्हटलं, ठाऊक नाही, पण आमच्या गावात कोणीतरी सांगेलच. नेउसला हे सांगितलं तेव्हा ती कपाटाचं दार धरून रडली, मग विचारलं की दोन आठवडे नुसत्या पातळ पदार्थांवर राहायचं तर लसणीचं सूप चालतं का.

आता नवीन पेच. ब्रुना म्हणते, बाबा खाली नसतील तर मी वर जाणार नाही. हेल्मेट पलंगाखाली टाकलंय. रेमेईबाई म्हणतात, जबरदस्ती कोणी करायची नाही. मुलगी मनाने चढेल तर चढेल, नाही तर दुसरी आहे. बरोबरच आहे त्यांचं. पण माझ्यामुळे तिचं हे हुकलं तर मला ते कुठल्याही केळ्यात मावणार नाही. तिने गेली दोन वर्षं हेच स्वप्न पाहिलंय. तुमचं ती ऐकते. तिला लिहाल का? औषधांच्या वाटेवर.

लोभ असावा, आग्नेसताईचाही.

तुमचा,
जोफ्रे


सिउतादेया, ४ एप्रिल

चि. ब्रुनास,
मेदीरआजोबांचे अ. उ. आ. आणि पडलेल्या दातासाठी वेगळा एक.

ऐकलं की तू हेल्मेटवर रुसली आहेस. माझं म्हणणं हेल्मेटला कळवू नकोस, तुझ्यापाशीच ठेव.

मला एक सांग. तू सरावात वर जातेस तेव्हा तुला बाबा दिसतात का? दिसत नाहीत. तुझ्या पायांखाली आठ-आठ वर्षांची पोरं, त्यांच्याखाली मोठी माणसं, त्यांच्याखाली नुसती डोकी आणि हात. बाबा त्या हातांच्या रानात तोंड खाली घालून उभे असतात. आणि त्यांना तू दिसतेस का? तूही दिसत नाहीस. तू वर पोचून हात उंचावलास की सनईची चाल बदलते, त्यावरून त्यांना कळतं. आपल्या रिउसेकमधल्या सगळ्या बुंध्यांचं असंच असतं. तुझ्या खापरपणज्यापासून कोणीही आपण उभा केलेला मनोरा पाहिलेला नाही.

यंदा डॉक्टरीणबाईंनी तुझ्या बाबांना एक सुट्टी दिली आहे. त्यांना कुठे उभं करायचं ते तू ठरव. चौक तुझा ओळखीचा आहे. जागा अशी निवड की वर चढताना एकदा मान वळवलीस तर ते दिसतील. मग वर जायचं की नाही तेही तूच ठरव. नाही गेलीस तरी मी तुझा आजोबाच राहीन, आणि माझी माया तशीच राहील.

मोठ्यांना न विचारता लोभ ठेवत जा.

तुझे,
मेदीरआजोबा


रिउसेक, २७ जून

ती. मेदीरकाकांस,
जोफ्रेचा, आता बऱ्यापैकी वाकून, सा. न. वि. वि.

तुम्ही बोटीला घाबरून आला नाहीत, तेव्हा सगळं सविस्तर लिहितो.

मी बरा आहे. पंचवीस किलो गेले. पहिले काही आठवडे फार वाईट गेले, खोटं कशाला सांगू. चिमणीएवढं खायचं आणि गायीसारखं चावायचं. एकदा घाईत सॉसेज गिळलं आणि बागेत झाडाला धरून उभा राहिलो. पण तोंडावरचं यंत्र माळ्यावर गेलंय. ब्रुनाने मैत्रिणींना कळवलं की पाणबुडे निवृत्त झाले. बेकरीवाला मला ओळख दाखवत नाही.

तुमचं पत्र आल्यावर ब्रुनाने ते आठवडाभर उशीखाली ठेवलं. मग एका संध्याकाळी मला हाताला धरून चौकात नेलं आणि इथे उभा राहा, इथे नको, जरा मागे, असं करत शेवटी कारंज्याच्या कठड्यावर चढवलं. म्हणाली, हलायचं नाही. घरी येऊन पलंगाखालून हेल्मेट काढलं आणि पुसलं.

जत्रेच्या दिवशी माझ्या जागी सुतारांचा धाकटा होता. त्याचा पट्टा मी ताणून धरला. पाठीमागे बाल्दीरी. त्याने जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, कामात होता.

मग मी कारंज्यावर. काका, बुंध्यातून तो वेळ केवढा वाटतो ठाऊक आहे ना? एकेक पाय खांद्यावर पडतो, एकेक ओझं उतरतच नाही, माणूस म्हातारा होतो. बाहेरून बघितलं तर सगळं झरझर चाललेलं. पाच थर, सहा, आणि पोरं खारींसारखी वर. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की जरा थांबा, मला बघू द्या. ब्रुना पाचव्या थराशी पोचली आणि तिने मान वळवली. एवढी उंच. खालून मला आजवर फक्त वजनं ठाऊक होती, ही उंची कोणी सांगितलीच नव्हती. तिच्या खाली आठ मजल्यांइतकी हवा आहे असं वाटलं. नेउसने माझा हात धरला होता की मी तिचा, ते आठवत नाही.

तेवढ्यात सनईची चाल बदलली. टाळ्या झाल्या. मनोरा नीट उतरला, एकही थर न हलता.

ब्रुना गर्दीतून धावत आली, घामाने चिंब, आणि मला उचलून घ्यायची परवानगी नाही म्हणून तीच कठड्यावर चढली. मी म्हटलं, काय सुंदर हात उंचावलास. ती म्हणाली, बाबा, तुम्ही पाहिलंच नाहीत, तुमचे डोळे मिटलेले होते. मी म्हटलं, ऊन डोळ्यांत येत होतं. ती म्हणाली, ऊन तर तुमच्या पाठीला होतं.

ऑगस्टच्या जत्रेत पुन्हा आठ थर आहेत. तेव्हा डोळे उघडे ठेवेन असं लेकीला कबूल करून बसलोय. रोज संध्याकाळी कारंज्यावर उभा राहून सराव करतो, नेउस घड्याळाच्या मनोऱ्यावर कबुतरं दाखवते.

वजन उतरलं तरी लोभ उतरू देऊ नये, ही विनंती.

तुमचा,
जोफ्रे