संगणकामागचे जावईबापू

आबा, गेला आठवडाभर माझं कशातच लक्ष नव्हतं. भाजीत मीठ दोनदा पडलं, आणि आठवीच्या तासाला जाऊन मी नववीचं शिकवत बसले. पोरंही अशी बेरकी, एकानं तोंड उघडलं नाही. कारण सांगितलं तर हसाल. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीच्या अलीकडं मी ज्या शाळेत शिकवते, तिथं नवे संगणक आले आणि त्यांत कुठलं सॉफ्टवेअर घालायचं हे मुख्याध्यापकांनी माझ्यावर सोपवलं. "मॅडम, तुमचे वडील टायपिंगवाले. तुम्हाला कळतं," म्हणाले आणि मोकळे झाले. एकीकडं कंपनीचं विकतचं, सगळ्या ऑफिसांत चालतं ते. पहिलं वर्ष सवलतीत, पुढं दरवर्षी परवाना. दुसरीकडं मुक्त सॉफ्टवेअर. त्याला कुणाची परवानगी लागत नाही; पोरांनी घरी न्यावं, दहा जणांना वाटावं, जमलं तर आत शिरून बदलावंही. मी म्हटलं, यात विचार काय करायचा? माझं तर तुमच्या पायी कधीच ठरलेलं होतं.

तुमची गुलमंडीच्या मागची टायपिंगची खोली मला आजही जशीच्या तशी दिसते. दुपारची बॅच सुटलीय, टाइपरायटर गप्प झालेत आणि कोपऱ्यात तुमचा पहिला संगणक टॉवेल पांघरून बसलाय. त्यातलं मराठीचं सॉफ्टवेअर विकतचं. त्याच्यासोबत बोटभर डबी मिळालेली, ती संगणकाच्या पाठीत खोचल्याशिवाय ते उघडायचंच नाही. दुकानदार तिला लॉक म्हणायचा, तुम्ही जावईबापू म्हणायचा. "जावईबापू बसले का? मग करा सुरू." कधी स्क्रीनवर काहीच आलं नाही की, "रुसले आज. काय कमी पडलं म्हणावं मानपानात?" एकदा मी धूळ पुसायच्या नादात, तुम्ही टाइप करत असतानाच ती डबी उपसली. तुमचं अख्खं पान गेलं. इतके मोठ्यानं ओरडलात माझ्यावर! "जावयाला असं ताटावरून उठवत्यात का गं?" आणि पुढच्याच क्षणाला तुम्हालाच हसू आवरेना. मी मात्र रडत होते. मग तुम्ही कोपऱ्यावरून माझ्यासाठी गरम इमरती आणलीत.

पुढं ती डबीच मेली. कंपनीचा फोन कुणी उचलेना, दुकानदारानंही धंदा बदललेला. तुम्ही वर्षानुवर्षं खपून लिहिलेले टायपिंगचे धडे, ते आपल्या बोलीतले गमतीदार उतारे, दुसऱ्या कुठल्याही संगणकावर उघडले की नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. तुम्ही चष्मा पुसून पुन्हा पाहिलंत. "माझंच लिहिलेलं मला वाचता येईना, आता बोला," एवढंच म्हणालात. मग टाइपरायटरवर पहिल्यापासून मारायला घेतलंत आणि निम्म्यावर गेलात. आबा, मला त्याचा राग येतो. अजून येतो. तुम्ही त्यावर कधी चिडला नाहीत म्हणून की काय, तुमच्या वाटचाही मलाच येतो.

हे सगळं मी पालकसभेत सांगितलं. अगदी रंगवून. जावईबापूंवर बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मला वाटलं, जिंकली सभा. तेवढ्यात मागून एक बाई उठली. तिची पोरगी माझ्या दहावीत आहे, हुशार. नवरा मेंढरं घेऊन सहा महिने बाहेर, ही शेंद्र्याच्या एका कंपनीत कँटीनला ठेकेदाराकडं. म्हणाली, "मॅडम, तुमच्या वडलाचं वाईट झालं. पण फुकटातलं हाय ते आमच्याच पोरीला का? दवाखाना फुकटातला, तांदूळ फुकटातला. आता कंपूटर पण तसलाच व्हय? माझ्या कंपनीत हापिसातल्या पोरी ज्याच्यावर काम करत्यात, ते शिकवा की तिला."

मी लागले समजावायला. हे फुकट तसलं फुकट नाही, हे आपल्या मालकीचं आहे, कुणी काढून घेऊ शकत नाही, वगैरे. आवाजही चढला माझा, तुम्हाला माहितीच आहे मी कशी आहे ते. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या घरी कुठलं हाय, मॅडम?"

घरी विकतचंच आहे की! लेकाच्या शाळेत तेच, माझे निकाल त्यावर, तुमच्या जावयाचा हिशोब त्यावर. "मग तुमच्या घरात जे हाय तेच माझ्या लेकीला द्या," म्हणाली आणि खाली बसली. भांडली नाही, काही नाही. मुख्याध्यापक म्हणाले, पुढच्या सभेत ठरवू.

तेव्हापासून जिवाला चैन नाही. सिडकोतून शाळेला जाताना रिक्षात माझं मनातल्या मनात तिच्याशी भांडण चालू. तिचं खरं आहे आबा. उद्या पोरगी मुलाखतीला गेली आणि समोर अनोळखी पडदा आला, घाबरून परत आली, तर माझी तत्त्वं काय चाटायची तिनं? आणि माझंही खरं आहे. परवाना संपला, शाळेला भरता आला नाही, तर एवढे संगणक नुसते झाकून ठेवायचे का? दोन्ही खरं असलं की माणूस नुसता बेजार होतो. तुम्हाला विचारावं वाटत होतं. तुम्ही चहा बशीत ओतत म्हणाला असतात, "बोटाला वळण लागलं की मशीन कुठलं का असंना." पण मशीन कुठलं का असंना म्हणता म्हणता तुमचंच वाटोळं झालं, त्याचं काय?

रविवारी मी घरच्या संगणकावर मुक्त सॉफ्टवेअर घातलं. घरात बोंब! लेक म्हणाला, "आई, काय फिजूल उद्योग आहेत तुझे." हे म्हणाले, "माझ्या फायली गेल्या तर बघ." मी म्हटलं, आजपासून या घरात हेच चालणार. सभेच्या दिवशी ती बाई फाटकातच भेटली, ड्यूटीवरून तशीच आलेली. मी म्हटलं, "आमच्या घरी आता तेच आहे, जे तुमच्या लेकीला देणारे."

तिनं मला खालून वर न्याहाळलं. "चालतंय का पण?"

"चालतंय. मधूनच डोकं उठवतं."

"ते तर माझं मिक्सर पण उठवतंय," ती हसली. मग एकदम गंभीर झाली. "शिकवा मग. पण माझी पोरगी कुठं अडली नाय पाहिजे. अडली तर मी तुमच्या दारात येईन."

"या," म्हटलं. आणि सभेत मुक्त सॉफ्टवेअरच्या कागदावर सही केली. विकतचंही तिला ओळखीचं करून द्यायचं मी कबूल केलंय. कुठून, कसं, ते अजून ठाऊक नाही.

हे पत्र मी त्याच नव्यावर लिहितेय. मराठी छान उमटतंय, कुठली डबी नाही, काही नाही. पाठवायचं कुठं हा प्रश्नच आहे, तेव्हा राहील इथंच. उद्या कुठल्याही संगणकावर उघडलं तरी वाचता येईल, तेवढं तुमच्यासाठी केलं. फक्त एक सांगायचं राहिलं. त्या बाईला मी सांगितलं, घरी आता तेच आहे. आहेच. पण जुनं विकतचं मी काढून टाकलेलं नाही, आबा. काढायला गेले आणि हात धजला नाही. जावईबापू अजून घरातच आहेत.