पायथ्याचे कुरण आणि तिसरी सही

मी, ओटिलिया फाल्कनर, वय शहात्तर, उतारावरच्या स्की-शर्यतीतली एके काळची जगज्जेती, राहणार हिंटरआउ, टिरोल, माझ्या मागे काय कोणाचे व्हावे ते आज सांगून ठेवते. लिहून घेत आहेत आमच्या शाळेच्या अफ्राबाई, कारण माझे उजवे मनगट इतक्यांदा मोडले आहे की आता ते चमचासुद्धा नाखुशीने धरते. माझे डोके ठिकाणावर आहे. तेही दोनदा बर्फावर आपटले, पण नुकसान बर्फाचेच झाले. मला कोणी धाक घातलेला नाही. या गावात तेवढी कोणाची छातीही नाही.

उद्या सकाळी रस्ता मोकळा झाला की मला इन्सब्रुकला नेऊन हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. प्रत्येक शर्यतीच्या आधी मला हेच सांगत असत, म्हणून हे काम उद्यावर टाकत नाही.

१. घर, भांडीकुंडी आणि गोठ्यातली गाय माझा भाचा लुकास याला. पोरगा वाईट नाही, पण हिरवे गवत दिसले की त्याला तिथे हॉटेल दिसते. परवाच म्हणाला, "आत्या, त्या कुरणात नुसतं गवतच तर उगवतं!" मी म्हटले, "मग हे गाईला जाऊन सांग." ती काय म्हणाली ते त्याने मला कळवलेले नाही.

२. घरामागचे पायथ्याचे कुरण मात्र त्याला नाही. ते गावच्या मुलांच्या स्की-मंडळाला. कड्यावरून खाली यायला अक्कल लागत नाही, धोंडाही येतो. थांबता आले पाहिजे, आणि या गावातले प्रत्येक पोर थांबायला त्याच कुरणात शिकले. मीही तिथेच शिकले, कुंपण तोडून. माझे हे इच्छापत्र काही कारणाने रद्द ठरले, तर कायद्याने सगळेच लुकासचे होईल आणि उन्हाळ्यात तिथे खोदाई सुरू होईल. तेव्हा बाकीची कलमे चुकली तरी चालतील, हे एक चुकता कामा नये.

३. काचेचा मोठा जागतिक चषक बेकरी चालवणाऱ्या विन्त्सेन्सला. त्यात मी कोबी खारवते. त्याने तो घासूनपुसून लखलखीत करू नये, चव जाते. कोंबड्या पाद्रीबाबांना, त्यांना प्रवचन ऐकायची सवय आहे. डाव्या गुडघ्यातले स्क्रू डॉक्टर हार्टमान यांना परत, त्यांचेच आहेत. गावच्या बँडवाल्यांना माझ्या दफनानंतर पोटभर बिअर. आधी नको, नाहीतर सूर कुठल्या कुठे जातील.

४. आता बुर्गी. वाल्बुर्गा मोझर आणि मी एकाच बाकावर शिकलो, एकाच उतारावर पडलो. आमच्या गावात एकदा मोठी शर्यत झाली, एकेकीला घड्याळ लावून सोडायची. बुर्गी पहिल्या पंधरांत सुटली आणि त्यांत पहिली आली. नावाजलेल्या पंधराजणी उतरल्या की शर्यत संपली असे आमच्याकडे धरतात. उरलेल्यांकडे त्यांची आईसुद्धा बघत नाही. बँड सुरू झाला, चर्चच्या घंटा वाजल्या, सुताराने घाईघाईने पाटी रंगवून कमानीवर ठोकली: "आमची विजेती वाल्बुर्गा". मी तेव्हा वरच होते. माझा नंबर बेचाळिसावा.

मी खाली आले आणि जिंकले. दुसरी पाटी रंगवायला वेळ नव्हता. माझ्या पहिल्या विजयाची मिरवणूक बुर्गीच्या नावाखालून गेली. पुढे मी जगभर जिंकत सुटले, पण बुर्गीने ती शर्यत काही मान्य केली नाही. "सूर्य उशिरा आला, तिला बर्फ निसरडा मिळाला म्हणून," एवढेच म्हणते, तेही दुसऱ्यांना. माझ्याशी ती बोलत नाही. मीही मग हट्टाला पेटले. त्याचे मला आता वाईट वाटते.

ती पाटी मी जपून ठेवली आहे. ती बुर्गीला द्यावी.

५. इथे अफ्राबाईंनी लेखणी खाली ठेवली. म्हणाल्या, "ओटिलियाताई, तीन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळणार तो साक्षीला चालत नाही. तुम्ही तर सगळ्या गावाला वाटून मोकळ्या झालात! उरलंय कोण?" एक त्या स्वतः, मी देऊ केलेले त्यांनी आधीच नाकारले होते. दुसरा पोस्टमन सेवेरिन. तो पलीकडच्या खोऱ्यातला, आणि त्या लोकांना आम्ही काही देत नसतो. बर्फाने रस्ता बंद म्हणून तो चुलीपाशी अडकला आहे. तिसरे कोणीच नाही. तेव्हा सेवेरिन मला न विचारता उठला आणि समोरच्या घरातून बुर्गीला घेऊन आला.

"मी बोलावलं नव्हतं," मी म्हटले.

"मीही तुझ्यासाठी नाही आले," ती म्हणाली. "वाचा हो बाई."

अफ्राबाईंनी सगळे वाचले. पाटीपाशी बुर्गी म्हणाली, "अगं, मला वाटलं, तू ती केव्हाच जाळलीस!"

"जाळणारच होते. लाकूड ओलं होतं."

"बुर्गीताई," अफ्राबाई म्हणाल्या, "सही केलीत तर पाटी तुम्हाला मिळायची नाही. आणि ताईंनी ती कलमातून काढली, तरी ती लुकासकडेच जाईल..."

"काही काढू नका. असू दे लिहिलेलं." बुर्गी बसली. "जगात त्या एकाच फळीवर माझ्या नावापुढे विजेती लिहिलंय, ओटी. दुसरीकडे कुठेच नाही."

अफ्राबाईंनी हेही लिहावे.

बुर्गीने खिडकीतून कुरणाकडे पाहिले. तिची नात तिथे घसरत होती, पडत होती, उठत होती. मग तिने हात पुढे केला. "आण ते पेन."

वरील सर्व मला वाचून दाखवले, ते माझेच म्हणणे आहे.

हिंटरआउ, १४ नोव्हेंबर २०१९

ओटिलिया फाल्कनर (सही डाव्या हाताने)

साक्षीदार:
अफ्रा लेर्शर, शिक्षिका
सेवेरिन गापमायर, पोस्टमन
वाल्बुर्गा मोझर, समोर राहणारी. ओटिलिया शुद्धीवर आहे, हे मी पाहिले. त्या दिवशी ती जिंकली, तेही मी खाली उभी राहून पाहिले आहे.