मातीचा कडता

६ फेब्रुवारी
मोंढ्यातलं कापसाच्या अडतीचं दुकान बंद केलं तेव्हापासून डोकं रिकामं. म्हणून संकल्प: घरापुढं लॉन. अख्ख्या मानवत गावात असं लॉन नसेल.
पोरगा विरेश पुण्याहून आईला फोनवर म्हणाला म्हणे, पोरगी रांगायलीय, फ्लॅटातल्या फरशीवर गुडघे सोलतात. लॉनचा आणि याचा काही संबंध नाही. दोन वर्षं झाली, विरेश माझ्याशी बोलत नाही. जातीबाहेरच्या दीपिकाशी लग्न केलं, मी लग्नाला गेलो नाही. चूक त्याची.
बायको, भागम्मा, म्हणते, लॉन कशाला, एक फोन करून या म्हणा. मी कशाला करू? बाप मी हाय. हिरवळ बघितली की येईल झक मारत.

७ फेब्रुवारी
टेपनं मोजलं. चाळीस बाय तीस. माती अर्धा फूट. सहाशे घनफूट, म्हणजे सहा ब्रास. कॅल्क्युलेटर लागला नाही. विषय संपला.

८ फेब्रुवारी
विषय संपलेला नाही. माती दबते, म्हणून पावपट जास्त. शिवाय मोंढ्याचा नियम: आलेल्या मालाला कडता. ओल आणि कचरा धरून कापसाचं वजन आमी आधीच कापायचो. शेतकरी कुरकुरायचा, पण घ्यायचा. आता मातीवाला मला काटा मारायला बघणारच. ट्रॉली एक ब्रासची सांगतो, आत पाऊण असणार. कडता धरून दहा ब्रास.
भागम्मा म्हणाली, घर पुरायचंय का? तिला घनफूट कळत नाही.

१३ फेब्रुवारी
पेडगावचा येडबा ट्रॅक्टर घेऊन आला. लोण्यासारखी मऊ, काळी माती. पण प्रत्येक ट्रॉलीला वरून शीग! मी विचारलं, हे काय? म्हणाला, मालक, नातीला खेळायला म्हणलात, म्हणून चार पाट्या जास्तीच्या.
मी असं कधी म्हणालो? म्हणालो असेन.
आयुष्यात मला कुणी शीग लावून माल दिला नव्हता. लय वेळ संशय येत राहिला. परत ने म्हणावं तर हिशोब चुकला असं होतं. सगळी पसरली. खालची पायरी बुडाली. चांगलंय, चढायला सोपं.

१६ फेब्रुवारी
गवत लावलं. बोअर दिवसभर चालू. माती फुगायलीय. काळी माती पाण्यानं फुगते हे मला माहीत होतंच, फक्त हिशोबात धरलं नव्हतं. फाटक आत उघडतं, ते मातीला अडायलंय. पोट आत घेऊन आडवं झालं की निघता येतं. भागम्मा म्हणते, येडबाला बोलवा, थोडी माती काढू द्या. गवत मुळं धरू दे, मग बघू.

१९ फेब्रुवारी
लॉनचा फोटो स्टेटसला टाकला. बघणाऱ्यांत विरेशचं नाव. म्हणालो होतो ना!
रात्री भागम्माला फोन. परवा येतायत, तिघंही. मला आनंद वगैरे काही झालेला नाही. गवताला दोन तास जादा पाणी दिलं.

२१ फेब्रुवारी, दुपार
फाटक जाम.
अकराला रिक्षा थांबली. विरेशनं फाटक ढकललं, खांदा लावला, आईला हाक मारली. मी ओसरीवरच होतो. आप्पा म्हणून एक हाक मारली असती तर नखांनी उकरली असती माती. नाही मारली. मग मीही जागचा हललो नाही.
भागम्मा म्हणाली, अवो, फावडं घ्या. मी म्हणालो, मुळं तुटतील. उन्हानं माती वाळते, मग बसते. अर्धा तास थांबायला काय जातंय त्यांचं?
पोरगी दीपिकाच्या कडेवर होती. गजातून हात घातला आणि मूठभर गवत उपटलं. माझ्याकडं बघून हसली. नाक आमच्या घराण्याचं. मी उठणारच होतो.
तेवढ्यात भागम्मानं पदर खोचला आणि फुगलेल्या मातीवरून फाटकावर चढली. साठीची बाई! विरेशनं पलीकडं उतरवून घेतली. पोरीला छातीशी धरून ती सगळ्या गल्लीसमोर रडली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, बसा आता तुमी लॉनवर. आणि रिक्षात बसली.
संध्याकाळपर्यंत येईल. जाती कुठं.

२२ फेब्रुवारी
आली नाही. माती वाळली, बसली. फाटक सताड उघडतं. म्हणजे हिशोब बरोबरच होता, लोकांना धीर नाही.

२४ फेब्रुवारी
विरेशचा फोन. मला! म्हणाला, आई आता इथंच राहायचं म्हणते, तिचा चष्मा कुरिअर करा. मी म्हणालो, करतो. मग धीर करून विचारलं, पोरीचं नाव काय ठेवलंत रे?
तोवर त्यानं फोन ठेवला होता. भागम्माला नाव माहीत असणार. मी तिला कधी विचारलंच नाही.