सोलगेच्या भरतीचे पान शोधात पुन्हा दिसावे म्हणून

प्रति,
मा. विभागप्रमुख,
माहिती व संकेतस्थळ विभाग,
दोहे जिल्हा कार्यालय.

अर्जदार : श्रीमती ओक ग्योंग-जा, वय ६३, सचिव, मच्छीमार सहकारी संघ, मौजे सोलगे.

विषय : संकेतस्थळाची प्रणाली बदलल्यापासून शोधातून नाहीसे झालेले भरती-ओहोटीचे पान ८ ऑक्टोबरच्या उधाणापूर्वी पूर्ववत दिसू लागण्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराची दि. ९ एप्रिल, २ जून व २६ ऑगस्टची पत्रे (उत्तर नाही).

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, अर्जदार ओहोटीत उघड्या पडणाऱ्या सोलगेच्या चिखलात तिसऱ्यांचे शिंपले वेचत मोठी झाली असून गेली सोळा वर्षे जिल्ह्याच्या संकेतस्थळावरील ‘सोलगेच्या चिखलात कधी उतरावे, कधी परतावे’ हे पान तीच लिहीत आली आहे. बंदराच्या वेळापत्रकातली भरतीची वेळ सोलगेला चालत नाही. येथे पाणी आधी पाठीमागच्या ओहळात भरते. माणूस वाकून तिसऱ्या वेचत असतो, समोर उघडा चिखल दिसत असतो, आणि परतीची वाट बंदराच्या वेळेच्या पाऊण तास आधीच पाण्याखाली गेलेली असते. ही गोष्ट त्या पानाखेरीज कोठेही लिहिलेली नाही. इंटरनेटवर ‘सोलगे ओहोटी’ असे शोधले की ते पान सर्वांत वर येत असे. शाळांच्या सहलींच्या सूचना, बस कंपनी, गळाने मासे धरणाऱ्यांची मंडळे, सर्वांनी त्याच पत्त्याचा दुवा दिलेला होता.

मार्चमध्ये आपल्या विभागाने जुनी प्रणाली सोडून नवी घेतली. त्यास अर्जदाराची हरकत नव्हती; जुन्या प्रणालीत एक वेळ बदलायची तरी अर्धा दिवस जाई. बैठकीत नव्या पानांचे रंग आणि उत्सवाची चित्रे यांवर दोन तास चर्चा झाली. अर्जदाराने एवढेच विचारले की, पानांचे जुने पत्ते आता कोठे नेतील. आपल्या विभागाचे श्री. बांग इन-सोक हसून म्हणाले, “मावशी, पान तेच आहे. घर तेवढं बदललंय.” त्यावर अर्जदार म्हणाली, “लोकांना जुन्याच घराचा पत्ता ठाऊक आहे, बाबा. दारावर नव्या घराची चिठ्ठी तरी लावा.” ही सूचना इतिवृत्तात नाही.

चिठ्ठी लागली नाही. जुना पत्ता उघडला की आता मुखपृष्ठावरचे खेकडा महोत्सवाचे चित्र येते. महिन्याला अकरा हजार माणसे पाहत ते पान एप्रिलमध्ये चाळीस जणांनी पाहिले, तेही बहुतेक गावातल्यांनीच. शोधात त्या जागी एका विश्रामगृहाचे पान चढले असून त्यावर बंदराच्या वेळा दिल्या आहेत. अर्जदार मालकाकडे स्वतः गेली होती. वेळा सरकारी तक्त्यातल्याच आहेत, मग त्यात चूक ती काय, असे त्यांचे म्हणणे पडले.

मे महिन्यात एक गृहस्थ दोन मुलींना खांद्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर आले. जूनमध्ये दोघी बहिणी बूट चिखलात सोडून पळाल्या. दोन्ही वेळा अर्जदाराने आपल्या कार्यालयास फोन करून कळवले.

दि. २४ ऑगस्ट रोजी निवृत्त शिक्षक श्री. यो सांग-ग्यू व त्यांच्या पत्नी श्रीमती कू मी-रान चिखलात उतरले. आपल्याला एक वाजेपर्यंत सवड आहे, अशी त्यांची समजूत होती. सव्वाबाराला ओहळ भरला. अर्जदार किनाऱ्यावरून शिट्टी वाजवत होती. वारा उलटा होता. त्यांनी एकदा वर पाहिले, हात हलवला आणि पुन्हा वाकले. संघाची होडी पोहोचली तेव्हा बाई एकट्याच टोपलीला धरून तरंगत होत्या. श्री. यो दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीत ओहळाच्या तोंडाशी सापडले.

रुग्णालयात बाईंनी अर्जदाराला मोबाइलवर विश्रामगृहाचे ते पान दाखवले. “सगळ्यात वर हेच आलं,” त्या म्हणाल्या. “आम्हांला वाटलं, वर आहे म्हणजे बरोबरच असणार.” आपल्या अहवालात मात्र ‘पर्यटकांनी सूचनेकडे दुर्लक्ष केले’ असे लिहिले आहे. ती सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती, हे अर्जदार येथे नम्रपणे नमूद करू इच्छिते.

गेल्या आठवड्यात श्री. बांग आपणहून गावात आले. पुढ्यात ठेवलेल्या पेजेला त्यांनी हात लावला नाही. त्यांनी सांगितले की, चाचणीच्या काळात अर्धवट पाने बाहेर दिसू नयेत म्हणून ‘शोधयंत्रांनी नोंद घेऊ नये’ अशी खूण केलेली होती. संकेतस्थळ खुले करताना समुद्रविषयक त्रेचाळीस पानांवर ती तशीच राहिली. “खूण माझ्याच हातची आहे, मावशी,” ते म्हणाले. ती काढायला किती वेळ लागेल, असे विचारता, दहा मिनिटे, असे उत्तर मिळाले. परंतु नवी प्रणाली बसवण्याचे कंत्राट संपल्यामुळे कोणत्याही बदलास आपली लेखी मान्यता लागते.

चुसोक या सुगीच्या सणाच्या सुट्टीत गावातली प्रत्येक खोली भरली आहे. ८ तारखेला वर्षातले मोठे उधाण असून ओहोटी नेमकी दुपारी आहे. चिखलात उतरायच्या वाटा चार आहेत. संघात एकोणीस जण उरले असून त्यांपैकी बारा जण सत्तरीपलीकडचे आहेत. काल एका कुटुंबाने अर्जदारालाच रस्ता विचारला. त्यांच्या हातात विश्रामगृहाच्या पानाची छापील प्रत होती, वेळेभोवती लाल पेनाने गोल काढलेला.

तरी विनंती की, सदर खूण तत्काळ काढण्यास, तसेच प्रत्येक जुना पत्ता मुखपृष्ठाला न जोडता त्याच्या स्वतःच्या नव्या पानाला जोडण्यास मान्यता द्यावी. मान्यता देता येत नसल्यास तसे सहीशिक्क्यानिशी लेखी कळवावे, म्हणजे त्या पत्राच्या प्रती चारही वाटांवर लावता येतील.

उत्तराची वाट पाहणारी, आपली नम्र,
ओक ग्योंग-जा
सोलगे, दि. २ ऑक्टोबर २०२५

सोबत : १) त्रेचाळीस जुन्या व नव्या पत्त्यांची यादी. २) श्रीमती कू यांचे निवेदन.

(कार्यालयीन शेरा)
अर्ज २ तारखेस सायंकाळी पेटीत मिळाला. विभागप्रमुख १३ तारखेपर्यंत रजेवर. खूण आज काढली, सर्व पत्ते यादीप्रमाणे जोडले. मान्यता घेतलेली नाही. शोधात अजून विश्रामगृहच वर आहे. शोधयंत्र फिरून येऊन पाने नव्याने पाहीपर्यंत काही दिवस किंवा काही आठवडे जातात, त्याला घाई करता येत नाही. श्रीमती ओक यांना फोनवर कळवले. ८ तारखेस ओहळाकडच्या वाटेवर मी उभा राहीन.
– बांग इन-सोक, ४ ऑक्टोबर