तू येईपर्यंत रिपोर्ट ऐकणार नाही

आई,

घाबरू नकोस, मुंगीला मी हॉस्पिटलला घेऊन गेलोय. तू निघता निघता एक चप्पल घालून खुर्चीतच झोपलीस. दुसरी मुंगीने तुझ्या मांडीवर ठेवलीय, तिला एकटं वाटू नये म्हणून. मी तुला उठवणार होतो, पण मुंगी म्हणाली, "राहू दे रे दादा. घोरतेय म्हणजे बरी आहे." डोक्यात गाठ असूनही घरात सगळ्यात शहाणी तीच, म्हणून ऐकलं. अलार्मही मीच बंद केलाय. ओरडायचं ते सावकाश ओरड.

फ्रिजमधलं सगळं तिने काल स्टेरॉइडच्या भुकेत फस्त केलं. फ्रिज तेवढा वाचलाय. थर्मासमध्ये चहा आहे, तो पिऊनच नीघ.

सकाळी नुसतं रक्त घेणार आहेत. सोबतचं मोठं माणूस मीच, म्हणून मुद्दाम दाढी केली नाही. एमआरआयचा रिपोर्ट डॉक्टरीणबाई दुपारी सांगतील. रेडिएशनने गाठ आटली असेल तर औषधं पुढे चालू राहतील. आटली नसेल तर काय, हे आपण दोघं घरात एकदाही बोललेलो नाही.

सुई टोचताना मुंगीला हसवणं मला जमतं. रिपोर्ट ऐकताना तिच्याकडे कसं बघायचं, ते जमणार नाही. तू ये. बाईंनी आधीच बोलावलं, तर मुंगीला शी लागलीय असं सांगून आम्ही दोघं बाथरूममध्ये कडी लावून बसतो.

– दादा